रात्री साडेअकराची मैफल

एकट्या पियानोची, जगात सर्वांत जास्त खपलेली ध्वनिमुद्रिका कोणती, असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकजण बेथोवेनचं नाहीतर शोपांचं नाव घेतील. पण हा मान दिला जातो तो जॅझच्या एका मैफलीला. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री जर्मनीतल्या कोलोन शहरात (जर्मन लोक त्याला क्योल्न म्हणतात) कीथ जॅरेट नावाचा २९ वर्षांचा अमेरिकन वादक पियानोसमोर बसला आणि तासाभराहून थोडं जास्त वाजवून उठला. त्याच वर्षाच्या अखेरीला ते वादन 'द क्योल्न कॉन्सर्ट' या नावाने दोन तबकड्यांवर बाजारात आलं. त्याच्या आजवर सुमारे ४० लाख प्रती खपल्याचं सांगतात.

या मैफलीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यात वादक असतो, त्याच्या वाट्याला आलेला भिकार पियानो असतो, आणि त्या पियानोतून त्याने काढलेलं सोनं असतं. ती मैफल जिने ठरवली, ती मुलगी मात्र एखाद्या वाक्यात येते आणि निघून जाते. मला आज तिच्याविषयी बोलायचं आहे. मी स्वतः आमच्या गावातल्या एका लहान संगीत मंडळाचा बरीच वर्षं चिटणीस होतो. गायक रंगात आलेला असताना मागे उभं राहून विजेच्या मीटरकडे बघत बसणारा जो माणूस असतो, तो मी. त्यामुळे मैफल कुठलीही असो, माझं लक्ष आधी त्या मागच्या माणसाकडे जातं.

कोलोनमध्ये त्या जागी उभी होती वेरा ब्रांडेस. तिचा जन्म १९५६ चा. लंडनच्या प्रसिद्ध जॅझ क्लबचा मालक आणि सॅक्सोफोनवादक रॉनी स्कॉट याच्या जर्मनीतल्या कार्यक्रमांची जुळवाजुळव तिने पहिल्यांदा केली, तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. १९७४ मध्ये तिने कोलोनमध्ये नव्या जॅझची स्वतःची मालिकाच सुरू केली. जर्मनीतली सर्वांत लहान संगीत-आयोजक अशी तिची ओळख झाली होती. जॅरेटची मैफल झाली तेव्हा ती १८ वर्षांची होती. इथे एक तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. पश्चिम जर्मनीत सज्ञान होण्याचं वय २१ वरून १८ वर आणणारा कायदा १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला. म्हणजे मैफलीच्या तीन आठवडे आधीपर्यंत कायद्याच्या नजरेत ही आयोजक अज्ञान बालक होती!

आणि तिने मागितलं काय, तर शहराचं ऑपेरा हाऊस. कोलोनचं जुनं ऑपेरा महायुद्धात गेलं. त्यानंतर विल्हेल्म रिपहान या वास्तुविशारदाने बांधलेली ही नवी इमारत १९५७ मध्ये उघडली. ऑपेरा म्हणजे तिकडच्या प्रतिष्ठित संगीताचं देवघर. त्यात जॅझ कधीच वाजलं नव्हतं. जॅझची जागा तळघरातल्या क्लबांत, सिगारेटच्या धुरात. त्यातून जर्मनीत या संगीताला आणखी एक जुनी जखम होती. १९३८ मध्ये नाझी राजवटीत 'भ्रष्ट संगीत' या नावाचं एक प्रदर्शन भरवण्यात आलं होतं, तेही कोलोनच्या शेजारच्या ड्युसेलडॉर्फ शहरात. त्याच्या जाहिरातीवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या काळ्या माणसाचं विटंबना करणारं चित्र होतं. त्या गोष्टीला १९७५ साली ३७ वर्षं झाली होती. ते प्रदर्शन पाहिलेली माणसं अजून त्या शहरांतून हिंडत-फिरत होती.

ऑपेराच्या व्यवस्थापनाने वेराला नाही म्हटलं नाही. पण वेळ दिली ती रात्री साडेअकराची. आधी ठरलेला ऑपेरा संपणार, लोक घरी जाणार, आणि मग हिची मैफल. आपल्याकडे रात्र रात्र चालणाऱ्या बैठका ऐकून मोठे झालेल्यांना यात काही वाटणार नाही. परंतु जानेवारीतल्या जर्मनीत साडेअकरा म्हणजे शहर झोपल्यावर. मला तर वाटतं, ती वेळ देणाऱ्यांनी मनातल्या मनात 'बघू कोण येतंय' असंच म्हटलं असेल. तिकीट ठेवलं होतं ४ मार्क. चौदाशेहून जास्त लोक आले, आणि सभागृहात एक खुर्ची रिकामी राहिली नाही.

हे लोक काय ऐकायला आले होते, ते थोडं सांगायला हवं. जॅझ म्हटलं की आपल्याला आठवतं ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातलं १९३० च्या दशकातलं वाद्यवृंदाचं संगीत, किंवा तिथून पुढे हिंदी चित्रपटांत आलेले गोव्याचे कलावंत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला चिक चॉकलेटचा ट्रम्पेट जुन्या श्रोत्यांच्या कानात अजून असेल. ते नाचायचं, पाय थिरकवायचं जॅझ. जॅरेट करत होता ते याहून फार वेगळं होतं. तो मंचावर एकटा येई. सोबत ढोल नाही, कागद नाही, ठरलेली चाल नाही. आपला ख्यालगायक निदान राग ठरवून बसतो, बंदिश त्याच्या गळ्यात असते, पाठीमागे तंबोरा असतो. जॅरेट यातलं काही न घेता बसे आणि पहिला सूर लागला की त्याची बढत करत जाई.

हा माणूस पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊनचा. माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात त्याने १९७०-७१ मध्ये विजेवरची वाद्यं वाजवली आणि नंतर त्यांना जवळजवळ सोडचिठ्ठी दिली. त्याला साधा, लाकडी, खरा पियानो हवा होता. म्युनिकच्या मानफ्रेड आयशरने १९६९ मध्ये 'ईसीएम' ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली होती. जॅरेटचं एकट्याचं वादन लोकांपुढे आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. (पुढे १९८७ मध्ये झाकिर हुसेन यांचं हरिप्रसाद चौरसियांबरोबरचं 'मेकिंग म्युझिक' याच आयशरने काढलं, तेव्हा हे नाव आपल्याला अगदी परकं नाही.) वादक आणि निर्माता असे दोघे आयशरच्या लहानशा रेनो गाडीतून गावोगाव हिंडत होते. स्वित्झर्लंडहून तासन् तास प्रवास करून ते २४ तारखेला दुपारी उशिरा कोलोनला पोहोचले. जॅरेटची पाठ इतकी दुखत होती की त्याने कमरेला आधाराचा पट्टा बांधला होता. कित्येक रात्री त्याला धड झोप नव्हती.

वेरा त्या दोघांना मंचावर पियानो दाखवायला घेऊन गेली.

जॅरेटने मागितला होता व्हिएन्नाच्या ब्योझेनडॉर्फर कंपनीचा 'इम्पीरियल'. जवळजवळ तीन मीटर लांबीचं हे धूड. साध्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, याला ९७. जास्तीच्या पट्ट्या मंद्राच्या टोकाला, त्यामुळे खर्जाचा घुमारा असा की सभागृहाची जमीन हलावी. तो वाजवायला मिळणार या हिशेबाने वादक आलेला. आणि मंचावर उभा होता ब्योझेनडॉर्फरच, पण कितीतरी छोटा, तालमीसाठी ठेवलेला. ऑपेराच्या कामगारांत काहीतरी गोंधळ झाला होता. आतल्या बाजूला ब्योझेनडॉर्फर दिसला, तोच असेल असं समजून त्यांनी तो बाहेर आणून ठेवला आणि ते घरी गेले. शुक्रवारची संध्याकाळ होती. पियानोचे वरचे सूर पत्र्यावर खडा मारावा तसे वाजत होते, मंद्रात जोर नव्हता, पेडल नीट चालत नव्हतं, आणि तो बेसूर होता.

जॅरेटने दोन-चार सूर वाजवून पाहिले. आयशरने वाजवून पाहिले. मग वेराला सांगण्यात आलं की दुसरा पियानो आला नाही तर आज वादन होणार नाही.

चिटणीस म्हणून माझी झोप उडवणारे प्रसंग पुष्कळ आले. ऐन वेळी तबलजीची गाडी घाटात अडकली, तंबोऱ्याची जवारी बिघडली, एकदा तर गायिका आल्या आणि सभागृहाची किल्ली ज्याच्याकडे होती तो गृहस्थ लग्नाला गेलेला. अशा वेळी आपण काय करतो? ओळखीच्या माणसांना फोन करतो. वेराने तेच केलं. शहरात दुसरा मोठा पियानो मिळण्यासारखा होता. तो आणायचा, ढकलत आणायचा, काय वाटेल ते करायचं, अशी तिची तयारी होती. तिला अडवलं ते पियानो सुरात लावायला आलेल्या कारागिराने. बाहेर पाऊस, कडाक्याची थंडी. योग्य गाडी आणि आच्छादन नसताना असं वाद्य रस्त्यावरून आणलं तर ते कायमचं निकामी होईल, असं त्याने तिला बजावलं. तो खरं बोलत होता. लाकूड, तारा आणि नमदा यांचं ते शरीर. पावसात भिजलं की संपलं.

तेव्हा दोनच गोष्टी हातात उरल्या. त्या कारागिराने मंचावरच्या पियानोवर जितकं होईल तितकं काम करायचं, आणि वादकाने त्यावर वाजवायचं. पहिली गोष्ट सुरू झाली. कारागीर कित्येक तास त्या वाद्यात डोकं घालून बसला. दुसरीचं काय? जॅरेट बाहेर जाऊन गाडीत बसला होता. वेरा त्याच्यामागे पावसात गेली, आणि गाडीच्या खिडकीशी उभी राहून तिने त्याला वाजवण्याची विनंती केली. काही तासांत चौदाशे माणसं येणार होती. ओलीचिंब उभी असलेली ती पोरगी पाहून त्याचं मन द्रवलं, असं एक सांगणं आहे. ध्वनिमुद्रणाची यंत्रं आधीच मांडून तयार होती, तेव्हा आलोच आहोत तर वाजवून टाकू, असा व्यवहारी विचार झाला, असं दुसरं. मला दोन्ही खरी वाटतात. कलावंताचा होकार बहुधा अशाच दोन-तीन कारणांची मिसळ असतो, आणि आयोजकाने कुठल्या कारणाने होकार मिळाला याची चौकशी करायची नसते.

दिवसाचा हिशेब अजून संपला नव्हता. जेवणासाठी वेराने एका इटालियन उपाहारगृहात टेबल राखून ठेवलं होतं. तिथेही काही घोटाळा होऊन ताट यायला उशीर झाला. चार घास पोटात गेले न गेले तोच जॅरेटला उठावं लागलं. पाठदुखी, जागरण, रिकामं पोट आणि समोर तो पियानो.

साडेअकरा वाजले. ऑपेरात लोकांनी जागेवर बसावं म्हणून सुरांची एक लहानशी घंटा वाजवतात. जॅरेटने पियानोवर पहिले सूर काढले ते त्या घंटेच्याच सुरावटीसारखे. तबकडी नीट कान देऊन ऐकली तर तिथे लोकांचं बारीक हसू ऐकू येतं. त्या हसण्याने सभागृहातला ताण उतरला असणार. आणि मग तीच सुरावट हळूहळू वळत, पसरत गेली.

संगीताच्या दृष्टीने पुढे जे झालं, ते वाद्याच्या दोषांवरूनच उलगडतं. वरच्या पट्ट्या कर्कश, म्हणून जॅरेट बराच वेळ मधल्या सप्तकात राहिला. खर्ज पोचत नव्हता, म्हणून त्याचा डावा हात तीच तीच लयबद्ध आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, म्हणजे एका सुरात नसलेलं वजन आवर्तनांतून भरून निघावं. पहिल्या भागात तर जवळजवळ १२ मिनिटं तो दोनच स्वरसमूहांमध्ये ये-जा करतो. पाश्चात्त्य कानाला हे नवं होतं. आपल्या कानाला तसं वाटत नाही. खाली काहीतरी अखंड चालू आहे आणि वर सूर आपली वाट शोधतो आहे, ही तर आपली रोजची सवय. मी ही मैफल पहिल्यांदा एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर ऐकली, तेव्हा जॅझ कळत नसतानाही ती मला परकी वाटली नाही, ती यामुळेच असावी. मध्येच वादकाचं कण्हणं, गुणगुणणं, पाय आपटणंही ऐकू येतं. ज्यांनी कुमार गंधर्वांना नाहीतर भीमसेनांना समोर बसून पाहिलं आहे, त्यांना यात आश्चर्य वाटू नये. सूर नुसत्या गळ्यातून किंवा बोटांतून येत नाही, सगळा देह कामाला लागतो.

मार्टिन वीलँड या ध्वनिमुद्रकाने दोन मायक्रोफोन लावून हे सगळं टिपलं. पहिला भाग २६ मिनिटांचा, दुसरा ३३ मिनिटांचा. तबकडीच्या एका बाजूवर तो दुसरा भाग मावेना, म्हणून त्याचे दोन तुकडे करावे लागले. शेवटी लोकांच्या आग्रहाखातर वाजवलेला सात मिनिटांचा तुकडा आहे. सगळंच वादन जागच्या जागी सुचलं, असं जे म्हटलं जातं त्याला हा तुकडा अपवाद आहे; ती चाल आधी रचलेली होती.

इंग्लंडमधला अर्थशास्त्रावर लिहिणारा टिम हार्फर्ड याने २०१६ मध्ये आलेल्या 'मेसी' या पुस्तकात ही कथा सांगितली. तेव्हापासून कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत ती फार लाडकी झाली आहे. अडचण आली की माणूस जास्त सर्जनशील होतो, असं तिचं तात्पर्य काढतात. मला ते फारसं पटत नाही. आयशरनेही पुढे म्हटलं की जॅरेट बहुधा तसा वाजला तो पियानो चांगला नव्हता म्हणून. नादाच्या प्रेमात पडता येईना, तेव्हा त्याने दुसरी वाट काढली. ते खरंच आहे. पण दुपारी होता तसाच तो पियानो रात्री राहिला असता तर कुठलीही वाट सापडली नसती. मधल्या वेळात एका कारागिराने घाम गाळला होता. एका मुलीने कार्यक्रम रद्द होऊ दिला नव्हता. आणि लहानपणापासून रोज रियाज केलेला वादक समोर होता. खराब वाद्यं जगात पैशाला पासरी आहेत. त्यांवर रोज काही अजरामर संगीत वाजत नाही.

पुढे तबकडी जगभर गेली. इटलीच्या नानी मोरेत्तीने 'कारो दियारिओ' या १९९३ च्या चित्रपटात तिचा वापर केला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात तिची नोंद झाली. स्वतः जॅरेट मात्र तिच्यावर फारसा खूश नव्हता. ही मैफल लोकांच्या घरात पार्श्वसंगीत होऊन बसली, याचा त्याला राग होता. संगीत विसरायलाही शिकलं पाहिजे अशा अर्थाचं तो १९९२ मध्ये एका मुलाखतीत बोलला. स्वरलेखन छापायला त्याने कित्येक वर्षं परवानगी दिली नाही. शेवटी दिली ती या सूचनेसह, की अखेरचा शब्द तबकडीचाच मानावा. २०१८ मध्ये त्याला दोनदा पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली आणि त्याचं जाहीर वादन थांबलं. त्या रात्री कोलोनमध्ये सगळा भार ज्याने उचलला होता, तोच हा डावा हात.

आणि वेरा? ती संगीतातच राहिली. पुढे तिने स्वतःच्या ध्वनिमुद्रण कंपन्या चालवल्या. नंतर ती ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या पॅरासेल्सस वैद्यकीय विद्यापीठात संगीत आणि उपचार या विषयावरच्या संशोधनाचं काम पाहू लागली. तिची गोष्ट तिच्या बाजूने सांगायला ५० वर्षं जावी लागली. इदो फ्लुक या दिग्दर्शकाचा 'क्योल्न ७५' हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. माला एम्डे या अभिनेत्रीने त्यात वेराचं काम केलं आहे. जॅरेट आणि 'ईसीएम' या चित्रपटात सहभागी नव्हते, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण वापरता आलं नाही. फोनवर फोन करणारी, सभागृह मिळवणारी, पियानोसाठी धावाधाव करणारी मुलगी पडद्यावर दिसते, आणि त्या रात्रीच्या वादनातला एकही सूर चित्रपटात नाही.